लेकीकडे जायचा व्हिसा: दोन फेऱ्या, १३२ दिवस

फेब्रुवारी २०२५ मध्ये मला दोन वर्षांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, मिळाला, कितीही वेळा ये-जा करता येईल असा. त्यावर म्युनिकला लेकीकडे दोनदा जाऊन आले, एकदा बाळंतपणाला आणि एकदा निव्वळ नातवासाठी. लोक मिक्सर वापरून झाल्यावर अभिप्राय लिहितात तसं हे लिहितेय. निघण्याआधी ज्याला विचारावं तो "मिळेल की नाही" एवढंच बोलायचा. मिळाल्यावर तो वापरायचा कसा, हे कोणी सांगितलं नाही, आणि आमची फजिती व्हायची वेळ आली ती तिथेच.

बाळंतपणाचं म्हणून चार-पाच महिने राहायचं माझ्या मनात होतं. ते जमत नाही. शेंगेनचा सी प्रकारचा व्हिसा १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहू देतो, मग स्टिकरवर मुदत एक महिन्याची असो की पाच वर्षांची. त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा स्वतःचा डी व्हिसा लागतो आणि जर्मनीत आईवडिलांना तो सहजी देत नाहीत. १ मार्च २०२४ पासून पुढे तिथे राहण्याचा पहिला परवाना मिळालेल्या काही कुशल कामगारांना आईवडिलांना नेण्याची सोय झाली आहे, पण लेक-जावई २०१८ पासून तिथे. शिवाय इथे सासूबाई आहेत, मला कायमचं जायचंच नव्हतं. म्हणजे सी.

मग अर्जात कारण काय लिहायचं? ओळखीतला एक एजंट म्हणाला, "काकू, कशाला त्या हमीपत्राच्या नादी लागता? टुरिस्ट टाकू. हॉटेलं बुक करू, व्हिसा आला की रद्द. आणि जर्मनीची तारीख लांबची आहे, फ्रान्सची पुढच्या आठवड्यात मिळतेय. शेंगेन काय, सगळं एकच." ऐकायला गोड होतं. पण शेंगेनचे २९ देश आत शिरायला एक असले तरी अर्ज करायला एक नाहीत. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. आम्ही सगळे दिवस म्युनिकला काढणार आणि अर्ज फ्रान्सकडे? विमानतळावर कोणी विचारलं तर मी काय सांगणार होते, बाळ पॅरिसला झालंय म्हणून? एजंटाला नमस्कार केला आणि कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं: कुटुंबाला भेट.

त्यासाठी जावयांनी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र केलं. यांचा खर्च मी करीन, असं सरकारपुढे लिहून द्यायचं. त्याचं जर्मन नाव इतकं लांबलचक आहे की लेकीने फोनवर चारदा म्हणून दाखवलं, तरी काउंटरवर मी "जावयांचं हमीपत्र" एवढंच म्हणाले. फी २९ युरो, पण पगाराच्या चिठ्ठ्या आणि घराचा करार नेऊन बसावं लागतं. मूळ कागदच लागतो, म्हणून त्यांनी तो कुरिअरने पाठवला. प्रवासातही तो हातातल्या पिशवीत ठेवावा.

व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवस उरले असताना धावू नये. आमचे पासपोर्ट अकराव्या दिवशी घरी आले. बोटांचे ठसे २०२३ चेच चालले, ते ५९ महिने पुन्हा वापरतात. केंद्रात एकच गोष्ट डोक्यात गेली. घरून नेलेला फोटो मापात, ३५ बाय ४५ मिलिमीटर, तरी काउंटरवरच्या मुलाने "मॅडम, चेहरा लहान आहे" म्हणून परत केला आणि शेजारच्याच बूथकडे बोट दाखवलं. त्या फोटोत मी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते. दोन वर्षं तोच चेहरा!

दोन वर्षांचा मिळाला त्याचं श्रेय आमच्या जुन्या प्रवासांना. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी सवलत आणली: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यापुढचा साधारणपणे पाच वर्षांचा. आमची २०२२ ची टूर आणि २०२३ मधली लेकीकडची वारी इथे कामी आली. जुन्या व्हिसांच्या झेरॉक्स मी अर्जाला पहिल्या पानालाच लावल्या होत्या. विमा मात्र पहिल्या फेरीपुरता दाखवला तरी पुरतो, निदान ३०,००० युरोंचा. पुढच्या फेऱ्यांना आपणहून काढायचा. माझ्या जुन्या बीपीला तो लागू नव्हता, म्हणून गोळ्या तीन महिन्यांच्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

पहिली फेरी ३ मार्च ते १६ मे. डिंक, अळीव, खारीक नेली आणि लाडू तिथे वळले, कारण दुधातुपाचं काही बाहेरून युरोपात नेता येत नाही. हे ७५ दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

मग ऑगस्टमध्ये पुन्हा जायचं ठरलं. ह्यांना १ ऑगस्टचं स्वस्त तिकीट दिसलं. ह्यांचा हिशोब असा की मेमध्ये परत आलो, पाटी कोरी झाली. मी म्हटलं, एकदा लेकीला विचारू. तिने युरोपियन कमिशनच्या गणकयंत्रात तारखा घातल्या आणि उत्तर आलं: १५ दिवस. म्हणजे १५ ऑगस्टला विमानात बसायलाच हवं. मी म्हटलं, मग १५ ऑगस्टलाच गेलो तर? तिने घालून बघितलं. पूर्ण ९०!

आम्ही दोघंही चक्रावलो. तीन वेळा कॅलेंडर काढून बसलो तेव्हा डोक्यात शिरलं. तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, आजचा धरून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस तिथे होतो ते बघायचं. १ ऑगस्टला गेलो तर मार्चपासूनचे ७५ अजून त्या १८० दिवसांच्या आतच. पंधरा दिवसांत ९० भरतात, आणि ३ मार्च हा दिवस बाहेर पडतो ३० ऑगस्टला. मधले दिवस सगळे बेकायदा. पण १५ ऑगस्टला गेलो तर ९० भरतात २९ ऑगस्टला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक जुना दिवस गळतो, एक नवा चढतो. थेट १२ नोव्हेंबरपर्यंत. टाकीत वरून एक तांब्या, खालून एक तांब्या. सहा हजारांनी महाग तिकिटात ७५ दिवस जास्त मिळाले. स्टिकरवर मात्र नुसतं "९०" छापलेलं असतं.

म्युनिकला दुसऱ्या वेळी खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उलटसुलट केला. आत येतानाचा शिक्का चौकोनी, बाहेर जातानाचा गोल कोपऱ्यांचा. त्याने दोन्हींवर बोट ठेवलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी आकडा नाही, परतीचं तिकीट पुढे केलं, १० ऑक्टोबरचं. शिक्का बसला. आम्ही परतलो आणि दोनच दिवसांनी, १२ ऑक्टोबरपासून, शिक्क्यांच्या जागी फोटो-ठसे घेऊन संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता मोजणी यंत्र करणार, ओठ न हलवता.

तिथल्या मुक्कामात साल्झबुर्गला जाऊन आलो. ऑस्ट्रियाला वेगळा व्हिसा नाही म्हणून ह्यांनी पासपोर्ट घरी ठेवायचा बेत केला होता. परतताना गाडीत पोलीस आलेच. मोबाईलमधला फोटो दाखवणाऱ्या एका पोराला त्यांनी बराच वेळ उभं केलं. लंडनही बघू, असं ह्यांच्या मनात होतं. ते या व्हिसावर होत नाही, ब्रिटनचा अर्ज वेगळा.

तक्रार म्हणाल तर एकच, आणि ती आमचीच चूक. ह्यांचा पासपोर्ट जून २०२६ मध्ये संपतो. दोन वर्षांचा व्हिसा द्यायला पासपोर्टात तेवढी मुदत तर हवी, आणि वर आणखी तीन महिने! माझा व्हिसा फेब्रुवारी २०२७ पर्यंत, ह्यांचा १० मार्च २०२६ ला खलास. आधी पासपोर्ट नवा केला असता तर दोघांचा सारखा आला असता. नातवाचा पहिला वाढदिवस १८ मार्चला आहे. सध्या डायनिंग टेबलावर ह्यांचा पासपोर्टचा अर्ज पडलाय, त्याच्या मागे व्हिसाचा पडणार. "मी एकटी पुढे जाऊ का?" असं मी परवा विचारलं, तर हे उठून सरळ फोटो काढायला गेले.