सक्ती की सवलत? चेन्नई आणि पुणे

तमिळनाडूने 2003 साली पर्जन्यजल संधारण सगळ्याच इमारतींना सक्तीचं केलं, नव्या आणि जुन्याही. चेन्नईत त्यानंतर विहिरींची पातळी वाढल्याचं दिसलं. पुणे महापालिकेने दुसरी वाट धरली: सौर बंब, गांडूळखत किंवा पर्जन्यजल प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत.

मला नव्या बांधकामासाठी सक्तीच योग्य वाटते. कारण साधं आहे. खर्च बिल्डर करतो, वीज-पाण्याची बिलं मात्र पुढची कितीतरी वर्षं रहिवासी भरतात. घर विकून मोकळं होणाऱ्याला करसवलतीचं काय? शिवाय गच्चीवरचं पाणी शोषखड्ड्यात नेणारे पाइप आराखड्यातच धरले तर स्वस्त पडतात. नंतर भिंती फोडणं सोसायटीला जड जातं.

पण सक्ती भोगवटा प्रमाणपत्रापाशी, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याच्या परवानगीपाशी, संपते. गाळाने बुजलेले खड्डे कोण बघणार? 2019 मध्ये चेन्नईचे जलाशय आटले, तेव्हा दुर्लक्षित यंत्रणांचा प्रश्न पुन्हा पुढे आलाच. इथे पुण्याची पद्धत सरस ठरू शकते: प्रकल्प बंद, तर सवलतही बंद. अट एकच, पाहणी खरोखर व्हायला हवी. म्हणून बांधताना चेन्नईचा नियम आणि राहायला गेल्यावर पुण्याची सवलत, असं दोन्ही मी मागेन.