ॲक्युपंक्चर डिप्लोमाच्या नावाखाली नागपुरात चाललेला धंदा, पैसे भरायच्या आधी वाचा

फिजिओ, बीएएमएस, बीएचएमएस झालेले आणि सोबत ॲक्युपंक्चर शिकून घ्यावं असा विचार करणारे जे कोणी आहात त्यांच्यासाठी लिहितेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मनीष नगरात छोटं क्लिनिक आहे, गुडघे-कंबरवाले पेशंट हल्ली स्वतःच विचारतात की मॅडम तुम्ही ते सुयांचं करता का, तर व्हॉट्सॲपवर "वीकेंड डिप्लोमा, कौन्सिल रजिस्ट्रेशन आणि रिसर्च पेपरसहित" अशी जाहिरात आली आणि मी फोन लावला. एकूण 75 हजार गेले. 45 कोर्सचे, 18 "रजिस्ट्रेशन प्रोसेसिंग" आणि 12 पेपर छापायचे.

आता ऐका, कोर्स घेणाऱ्या सरांनी हॉलमध्ये जे सांगितलं ते बहुतेक खरं होतं, म्हणून तर इतके शिकलेले लोक बसले होते. सीताबर्डीवर एका हॉटेलचा एसी हॉल, स्टेजवर डॉ. कोटणीसांचा हार घातलेला फोटो. 1938 साली भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर पण होते, हे सांगितल्यावर तर टाळ्याच टाळ्या. बरोबर आहे ते. पण लगेच पुढचं वाक्य की कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली! अहो ते सर्जन, 1942 मध्ये तिकडेच वारले, परत आलेच नाहीत. ॲक्युपंक्चर शिकून इकडे आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, तेही कोलकात्यात आणि बऱ्याच वर्षांनी.

कायद्याचं पण तसंच. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, मुंबईत कौन्सिल आहे, सगळं खरं. केंद्राच्या 2003 च्या ऑर्डरची झेरॉक्स वाटली, त्यात "योग्य प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती" याला पिवळं हायलाइटर मारलेलं. आता योग्य म्हणजे किती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या गाइडलाइनमध्ये जो डॉक्टर नाही त्याच्यासाठी 2500 तास दिलेत. आमचे रविवार कितीही ताणले तरी ते कुठं बसतात बाप्पा. आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं तर कौन्सिलने मान्य केलेल्या संस्थेतून शिकावं लागतं, ही संस्था त्या यादीत नाहीच. मग माझ्या सर्टिफिकेटवर "रजि. नं." छापलाय तो काहून? तर तो त्यांच्या सोसायटीचा नोंदणी नंबर निघाला, 1860 च्या सोसायटी कायद्याखालचा, जो मोहल्ल्यातल्या क्रीडा मंडळाला पण मिळतो. गोल सोनेरी शिक्क्याच्या खाली असा ठेवलाय की कोणालाही आपलाच रजिस्ट्रेशन नंबर वाटावा.

प्रॅक्टिकलबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. सुया पाकिटातल्या, एकदा वापरून फेकायच्या, हा या कामातला पहिला नियम, हिपॅटायटिस बी-सी वापरलेल्या सुईतूनही पसरतो. इथे स्टीलच्या वाटीत स्पिरिट आणि त्यात सुया, एकीला टोचली की पुसून दुसरीला. मी माझं स्वतःचं पाकीट काढलं (ड्राय नीडलिंग, म्हणजे आखडलेल्या स्नायूत बारीक सुई टोचायचं फिजिओतलं तंत्र, करते म्हणून बॅगेत असतंच) तर सर हसून म्हणाले, मॅडम चीनमध्ये पिढ्यानपिढ्या असंच चालतं. वापरलेल्या सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा लागतो, 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत स्पष्ट आहे, तो तर नव्हताच, साध्या डस्टबिनात. आणि खांद्याचा जो पॉइंट आहे ना, जीबी 21, तिथं 40 मिलिमीटरची सुई सरळ आत घालायला शिकवत होते! खाली फुफ्फुसाचं टोक असतं, तिथं सुई लागून न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा शिरून फुफ्फुस दबणं, झाल्याच्या केसेस जर्नलमध्ये छापून आल्या आहेत. शेजारी बसलेल्या होमिओपॅथ ताईला मी हातानेच थांबवलं.

मग रिसर्च. स्लाइडवर जर्मनीची कंबरदुखीची मोठी ट्रायल, 2007 ला छापलेली, 1162 पेशंट. दोनच पट्ट्या दाखवल्या, ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना फरक आणि नेहमीच्या ट्रीटमेंटने 27.4. हॉल खूश. घरी येऊन मूळ पेपर काढला तर मधली तिसरी पट्टी सरांनी उडवलेली, खोट्या ॲक्युपंक्चरची, म्हणजे पॉइंट सोडून भलतीकडेच वरवर सुई टोचायची, त्यात 44.2 टक्के! म्हणजे सुयांनी लोकांना बरं वाटतं हे खरं, पण पॉइंट अचूक असण्याने काय फरक पडतो हा तर मोठा प्रश्न, आणि शिकणाऱ्याला तेच सांगायला नको होय?

12 हजारांचा पेपर तर वर कडी. ईमेलवर तयार पीडीएफ, लेखकांमध्ये माझं नाव, गुडघेदुखीचे 60 पेशंट, "डबल ब्लाइंड", म्हणजे खरी ट्रीटमेंट कोणाला आणि खोटी कोणाला हे पेशंटलाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मी एकही पेशंट दिला नव्हता, त्या संस्थेत ओपीडीच नाही. आणि डबल ब्लाइंड कसं हो, सुई टोचणाऱ्याला आपण काय टोचतोय ते कळणार नाही का? सुई किती खोल, किती वेळ ठेवली, कोणते पॉइंट, काहीच नाही. एथिक्स कमिटी नाही, सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदणी) नंबर नाही. माझं नाव काढा म्हणून लेखी मेल केला, उत्तर आलं "मॅडम पेपर तर छापला ना, प्रॉब्लेम काय आहे". माझ्या नावावर खोटे पेशंट, हा प्रॉब्लेम आहे. ॲक्युपंक्चर नीट शिकलेले लोक आहेत आपल्याकडे, वर्षानुवर्षे घासलेले, त्यांचं नाव पण ह्या प्रकाराने खराब होतं.

पैसे मागितले तं पावती वाचा म्हणाले. पावतीवर "कोर्स फी" नाहीच, "ऐच्छिक देणगी" लिहिलंय, ट्रस्टच्या नावाने, आणि पैसे गेलेत यूपीआयने सरांच्या पर्सनल अकाउंटला. वकिलांनी ग्राहक आयोगात तक्रार तयार केलीय. कळलं की पुढची बॅच दुसऱ्या नावाने अमरावतीला लागतेय. बर्डीच्या त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कोणी हे वाचत असाल तर यूपीआयची एंट्री काढून बघा, नोटमध्ये तुम्ही "फी" किंवा "डिप्लोमा" टाकलं असेल तर स्क्रीनशॉट आणि ती जाहिरात दोन्ही जपून ठेवा, वकील म्हणतात देणगीच्या पावतीसमोर तेच टिकेल, आणि मला मेसेज करा, सगळ्यांची तक्रार एकत्र टाकायची आहे.