नेमोच्या पुढच्या भागासोबत सात महिने

गेल्या एप्रिलमध्ये फाउंटनच्या फुटपाथवर ज्यूल व्हर्नच्या 'द मिस्टीरियस आयलंड'ची जुनी इंग्रजी प्रत घासाघीस करून घेतली. आठवीतल्या पुतण्याला रात्री जेवणं आटोपल्यावर वाचून दाखवायची, इंग्रजी डोळ्यांनी वाचत मराठीत सांगत जायचं, असा बेत. आदल्या वर्षी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' आम्ही असंच संपवलं होतं. त्या पुस्तकात पाणबुडी घेऊन समुद्रात फिरणारा कॅप्टन नेमो कोण, कुठला, जगावर एवढा का चिडलेला, हे लेखक सांगतच नाही. पोरगं त्यावरून वर्षभर धुसफुसत होतं. उत्तर या पुढच्या भागात आहे. मात्र ते तिसऱ्या खंडात आहे, आणि एकूण प्रकरणं बासष्ट. आम्हाला नोव्हेंबर उजाडला. (ज्यांना ते उत्तर आपणहून शोधायचंय त्यांनी इथेच थांबावं, पुढे मी सगळं फोडणार आहे.)

आधी तक्रार. पाणबुडीच्या पुस्तकाचा पुढचा भाग म्हणून हातात घ्याल तर सुरुवातीला फसाल. 1865 साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, रिचमंडमधून पाच कैदी आणि एक कुत्रा फुग्यात बसून पळतात आणि वादळात भरकटून प्रशांत महासागरातल्या एका बेटावर आपटतात. इथवर झकास. मग शेकडो पानं विटा भाजणं, मडकी घडवणं, लोखंड गाळणं, साबण करणं. मे महिन्यात एका रात्री पुतण्याने विचारलं, "आत्या, हे बोटीचं पुस्तक आहे की कार्यानुभवाचं?"

पण त्याच कार्यानुभवाने त्याला धरलं. काड्यापेटी नाही, तर त्या पाचांतला इंजिनिअर दोन घड्याळांच्या काचा जोडून मध्ये पाणी भरतो, कडा मातीने लिंपतो आणि त्या भिंगाने विस्तव पेटवतो. पंधरा वर्षांच्या हर्बर्टच्या कपड्याच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो, आणि इंजिनिअर तिथल्या तिथे हिशोब मांडतो: एका दाण्याला दहा ओंब्या, ओंबीत 80 दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला 800, दुसऱ्याला 6 लाख 40 हजार, तिसऱ्याला 51 कोटी 20 लाख. पुतण्याने चौथ्या पिकाचा आकडा स्वतः काढला आणि शून्यं मोजायला वहीचं पान आडवं धरलं. माझ्या आईने ऐकून एवढंच म्हटलं, "उंदीर धरलेत का हिशोबात?"

समुद्र खरा येतो तो दुसऱ्या खंडात. पस्तीस फुटी होडी बांधून ते दीडशे मैलांवरच्या टेबर बेटावर जातात. परतताना रात्र, वादळ, किनारा दिसत नाही. तेवढ्यात उंचावर जाळ दिसतो आणि त्या रोखाने ते घरी पोचतात. खलाशी पेनक्रॉफ्ट जाळ पेटवल्याबद्दल इंजिनिअरचं कौतुक करतो. पुढे कळतं, त्याने जाळ पेटवलेलाच नव्हता. सप्टेंबरात, पावसाळ्यात बंद असलेल्या लाँच सुरू झाल्यावर, आम्ही गेटवेवरून मांडव्याला गेलो होतो. येताना अंधारून आलं, कुलाब्याकडचे दिवे दिसायला लागले, तर हा दबक्या आवाजात म्हणतो, "आपण नाही ना लावले?" पुस्तक लागू पडलंय हे मला तेव्हा समजलं.

आता नेमो. साडेतीन वर्षं बेटावर कोणीतरी गुपचूप मदत करत असतं: चाच्यांचं जहाज पाण्याखालून फुटतं, हर्बर्ट तापाने जायच्या बेतात असताना कोयनेलची डबी उशाशी येते. शेवटी एका तारेचा माग काढत हे समुद्रातल्या बेसॉल्टच्या गुहेत उतरतात आणि आत पाणबुडी, आत म्हातारा नेमो. तो निघतो राजपुत्र दक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा 'नेफ्यू'. 1857 च्या उठावात वीस लढाया, दहा जखमा, घरदार गमावलेलं, मग समुद्र.

आमच्या घरात बुंदेलखंड म्हटलं की छत्रसाल, मस्तानी, झाशी आपोआप आलंच. पण बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा टिपूचा 'नेफ्यू' कसा? भाचा की पुतण्या, हेही इंग्रजीत कळत नाही. व्हर्नने नकाशावर बोट ठेवून नातं जोडलेलं दिसतं. पुतण्याचा आक्षेप वेगळा होता. पहिल्या पुस्तकात नेमो 1867 च्या नोव्हेंबरपासून 1868 च्या जूनपर्यंत गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापकाला घेऊन समुद्रभर फिरतो. इथे तो 1868 च्या ऑक्टोबरात मरतो, तेही त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली असं सांगून. "हे चीटिंग आहे," असं म्हणत त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर दोन्ही पुस्तकांच्या तारखा शेजारीशेजारी लिहून काढल्या. तारखा जुळत नाहीत, हे खरंच आहे.

मला खटकलं ते दुसरंच. सात महिने वाट बघून आलेलं हे प्रकरण वाचताना फिकं वाटलं. राजपुत्र स्वतःच्या महत्त्वाकांक्षेपोटी उठावात ओढला गेला, असं काहीतरी. पहिल्या पुस्तकात सिलोनच्या मोती काढणाऱ्याला वाचवून 'तो दडपलेल्या देशाचा आहे आणि मीही' असं म्हणणारा तो हाच का? म्हणून 2001 मध्ये निघालेल्या नव्या अनुवादांपैकी एक मागवला. त्यात तो उठावाचा आत्मा आहे. माझी प्रत 1875 च्या, किंग्स्टन नावाने छापल्या गेलेल्या अनुवादाची होती, आणि त्या इंग्रजी अनुवादात इंग्रजांना बोचणारा मजकूरच बदललेला आहे. मूळ फ्रेंचही सुटलेलं नाही: व्हर्नच्या हस्तलिखितात नेमोचा शेवटचा शब्द 'स्वातंत्र्य' होता, प्रकाशक हेटझेलने तो 'देव आणि देश' करायला लावला. आधीच्या पुस्तकात त्याला पोलिश करायचा बेत होता, तोही रशियातल्या विक्रीच्या भीतीने याच प्रकाशकाने मोडला. एवढ्या कात्र्यांतून हा माणूस आपल्यापर्यंत आला.

घेणाऱ्यांसाठी साधी खूण: इंजिनिअरचं नाव सायरस हार्डिंग असेल तर तो जुना अनुवाद, प्रत खाली ठेवा. सायरस स्मिथ असेल तर घ्या. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत आणला, पण हे पुस्तक सबंध, न कापता वाचायचं असेल तर मला इंग्रजीचाच रस्ता दिसला.

बाकी उणिवा आहेतच. पुस्तकात एकही बाई नाही. गुलामीतून सुटलेल्या नेबला लेखक सतत स्वामिभक्त ठेवतो, आणि ओरांगउटान नोकराशेजारी त्याला उभं करून केलेले विनोद मी वाचून दाखवले नाहीत. (ओरांगउटान प्रशांत महासागरात कुठून आला, हे विचारू नये.) एअर्टन नावाचा माणूस व्हर्नच्या तिसऱ्याच पुस्तकातून येतो. ते वाचलेलं नसलं तरी अडत नाही.

प्रतीबद्दल: जुलैच्या ओलीने बांधणी सुटली, दुसरा खंड हातात आला. डिंकाने चिकटवून, वर ब्राउन पेपर घालून चाललं. अक्षर इतकं बारीक की मला चष्म्याचा नंबर काढावा लागला. नवी प्रत आली तरी ही रद्दीत दिलेली नाही, तारखांचं पान तिच्यात आहे. पुस्तकाला साडेचार तारे, जुन्या अनुवादाला दोन. पुतण्या साडेतीन म्हणतो, विटांचा दीड कापून.