सोलापुरात भट्टीतला खरा मीना: आज्जीच्या चेहऱ्याचं पेंडंट करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात एक काका मीन्यावर, म्हणजे धातूवर वितळवलेल्या काचेच्या थरावर, माणसाचा चेहरा ब्रशने रंगवून देतात आणि तो भट्टीत भाजून पक्का करतात. सोलापुरात असं काम होतं हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आणि आता बघितल्यावर लय वाटतंय की लोकांनी जाऊन बघावं. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काका एकटेच आहेत, एकदम गर्दी झाली तर झेपणार नाही असं त्यांनीच सांगितलं. मी आज्जीचं पेंडंट करून घेतलं आईसाठी, दिवाळीनंतर ऑर्डर दिली आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आधी हातात आलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. बाजारात मीना म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ असतो. अक्कलकोटला स्वामींची लॉकेटं मिळतात बघा, छापील फोटो आणि वर जाड पारदर्शक थर, तसलं. ती श्रद्धेने घालायची वस्तू आहे, स्वस्तात मिळते, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तेच काम चांदीच्या फ्रेममध्ये बसवून हॅन्डमेड मीना म्हणून हजारो रुपयांना विकतात तेव्हा डोकं फिरतं. मला एका दुकानात असंच दाखवलं होतं, भिंग मागून घेऊन बघितलं तर आत छपाईचे बारीक ठिपके स्पष्ट दिसत होते. खरा मीना म्हणजे काच, रंगीत काचेची पूड धातूच्या पत्र्यावर वितळवलेली. हातात घेतला की गार लागतो, रेझिन तसं लागत नाही. आणि मागची बाजू जरूर बघा. तांबं आणि काच गार होताना सारखे आकसत नाहीत, म्हणून पत्र्याला मागूनही मीना द्यावा लागतो, नाहीतर वाकतो किंवा तडकतो. काकांनी पहिल्यांदा मला पोर्ट्रेटची पुढची बाजू दाखवलीच नाही, मागचीच दाखवली, तिथेच मला माणूस पटला.

हे जयपूरच्या मीनाकारीपेक्षा वेगळं काम आहे हेही त्यांनीच समजावलं. तिकडे सोनं-चांदी कोरून त्या खळग्यात रंग भरतात, फुलं-पानं-मोर त्याने सुंदर होतात. चेहऱ्याला मात्र सपाट पांढरी जमीन लागते, त्यामुळे तांब्याचा किंचित फुगीर पत्रा घ्यायचा, त्यावर पांढरा मीना भाजायचा आणि मग तेलात कालवलेले रंग एकदम बारीक ब्रशने लावायचे. लावले की भट्टी, परत लावले की परत भट्टी, दर वेळी आठशे डिग्रीच्या आसपास काही मिनिटं. ज्या रंगाला जास्त आच सोसते तो आधी, नाजूक रंग शेवटी.

आज्जीच्या फोटोत हिरवं इरकल आहे, नथ आहे आणि कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. मला वाटलं होतं चेहरा अवघड असेल. काका म्हणाले, "ताई, चेहरा होतो ओ, कुंकूच त्रास देतंय बगा." लोखंडापासून बनणारा लाल जरा जास्त भाजला की तपकिरी पडतो, म्हणून कुंकू एकदम शेवटच्या भाजणीला लावतात, आणि तिथे बिघडलं तर पुसून परत करायची सोय नाही. पहिला पत्रा तसाच गेला, कुंकू विटकरी झालं. मला चाललं असतं खरं तर, पण त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा पत्रा पांढऱ्यापासून सुरू केला, जादा पैसे न मागता. गालाला सोन्यापासून बनणारा गुलाबी वापरलाय, तो इतका हलका आहे की आज्जीचा गोरा पण उन्हात रापलेला रंग तंतोतंत आलाय. आईने बघितल्या बघितल्या "डोळे आईचेच आहेत" म्हणाली, माझ्यासाठी रिव्ह्यू तिथेच झाला.

इतका खटाटोप कशाला, फोटोच ठेवा की, असं घरात एकजण म्हणालाच. तर याचं उत्तर म्हणजे जिनिव्हाचा जाँ पेतितो, 1607 चा जन्म, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात त्याने मीन्यावर अशीच छोटी पोर्ट्रेटं केली. त्यातली बरीच आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत आणि गालांचा रंग अजून ताजा आहे, कारण रंग काचेतच विरघळून बसलाय, उन्हाने उडत नाही. आमच्याकडचा आज्जीचा मूळ फोटो मात्र कडेने पिवळा पडून गेलाय.

किंमत साडेसोळा हजार, चांदीची फ्रेम धरून, निम्मे आधी. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं आहे. महाग वाटेल, पण काम बघता मला जास्त वाटलं नाही, घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका प्लीज. तक्रारी आहेत दोन. फोन उचलत नाहीत, काम कुठवर आलंय हे जाऊनच विचारावं लागतं, आणि आमच्यासारखं जुळे सोलापूरहून यायचं म्हणजे भर दुपारी त्या बोळात गाडी लावायला जागा मिळत नाही. दुसरं म्हणजे वरची कडी फार पातळ दिलीय, पेंडंटच्या वजनाला शोभत नाही. ती बदलायला दुसऱ्या सोनाराकडे टाकू नका, फ्रेमला झाळ लागली की आतला मीना तडकतो, यांच्याकडेच न्या.

फोटो नेताना मूळ प्रिंट न्या, व्हॉट्सअॅपवर आलेला नको, त्यात डोळ्याच्या कडा फुटलेल्या असतात. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असेल तर साडीचा, बांगड्यांचा रंग घरच्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहून द्या, काका तेवढंच ऐकतात, अंदाजाने रंग घालत नाहीत. दुरुस्तीच्या वेळी दागिने धुवायच्या मशीनमध्ये धुवायला देऊ नका, मऊ कापडाने पुसलं तरी पुरतं. आणि फरशीवर पाडू नका, शेवटी काच आहे.