टिळकवाडीतल्या गच्चीवरची गाणी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून बेळगावला आले की पोरं किल्ले बांधतात आणि मी नवी गाणी शोधत फिरते. यंदा टिळकवाडीतल्या एका कॅफेच्या गच्चीवर चौघांनी स्वतः रचलेली मराठी-कन्नड गाणी ऐकली. तिकीट १५० रुपये, कॉफीसकट. साउंड मात्र कच्चा, ड्रमखाली शब्द बुडत होते. शेवटी गिटारवाल्यानं माइक बाजूला सारला आणि नुसत्या तारांवर पावसाचं गाणं म्हटलं. त्याच्या बोटांचं तारेवरून सरकणंसुद्धा ऐकू येत होतं. मागून एक काका ओरडले, "अजून एक म्हणा की वो!" कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते सुळेभावी इथून जवळच, हे सारखं मनात येत होतं. पुढचा कार्यक्रम नाताळात आहे. मी रजा टाकलीय.