फोनवरून फाइल देताना: वाय-फाय डायरेक्ट की बिटटोरंट?

किनवटकडच्या एखाद्या गावात सप्ताहातील कीर्तनाचे मोठे चित्रीकरण मंडपातल्या मंडळींना द्यायचे असेल, तर वाय-फाय डायरेक्ट निःसंशय सरस ठरते. फोन एकमेकांशी थेट जोडले जातात आणि इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, मात्र दोघांनी जवळ असावे लागते. २००१ मध्ये आलेल्या बिटटोरंटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून फाइल तुकड्या-तुकड्यांनी वाटण्याच्या पद्धतीत, ज्याला फाइलचा जो तुकडा मिळाला तो तोच पुढे वाटतो, त्यामुळे पुण्यातल्या नातलगांपर्यंतही ती पोहोचते. पण मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळख क्रमांक) वापरत असल्याने बाहेरून आलेली जोडणी फोनपर्यंत सहसा पोहोचत नाही, शिवाय अपलोडमध्ये डेटा संपतो आणि बॅटरी उतरते (भारनियमनात हे विशेष जाणवते). बिटटोरंटचे काम ब्रॉडबँडवरील संगणकाकडेच सोपवावे.