डब्यातलं सँडविच: घेवडा, अंडं, पनीर की काकडी-टोमॅटो?

भाचा दोन महिन्यांपूर्वी शिरवळला एका कंपनीत लागला. राहतो साताऱ्यातच, गोडोलीत खोली घेऊन. सकाळी सव्वासातला कंपनीची बस. परवा रविवारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, दुपारी दोन वडापाव नि चहा, पन्नास रुपये जातात आणि तीनला परत पोटात कावळे. सँडविच करून नेलं तर?"

"ने की. पण नुसतं काकडी-टोमॅटोचं नेलंस तर कावळे तेच."

त्याला मांडून दिलेला हिशेब इथे देते. मी अकरा वर्षं कामावर डबा नेते, त्यात गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा सँडविच असतं. भाव आमच्या गल्लीतल्या दुकानातले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

आधी एक गोष्ट धरून चला. गाडीवरचं सँडविच तव्यावरून थेट हातात येतं. डब्यातलं मात्र सातला भरायचं आणि एकला उघडायचं. हे सहा तास जे सोसतं तेच डब्याच्या कामाचं. चव, पैसा, पोषण त्यानंतर.

ब्रेड कोणता

पांढरा आणि गव्हाचा यात पाकिटामागे दहा-पंधरा रुपयांचा फरक. एका पाकिटात साधारण पंधरा स्लाइस धरले तर एका सँडविचला दीड-दोन रुपये जास्त पडतात. चोथा जास्त मिळतो, पोट जरा जास्त वेळ भरलेलं राहतं, तेव्हा दोन रुपये द्यावेत असं माझं मत. पण रंगावर जाऊ नका. तपकिरी रंग कॅरॅमल घालूनही येतो. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. पहिलं नाव 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' असेल तर घ्या. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदाच. बेकरीतला बिनलेबलचा ब्रेड घेत असाल तर सरळ विचारा, आटा किती नि मैदा किती. ओळखीचा बेकरीवाला सांगतो.

साताऱ्याच्या पावसाळ्यात ब्रेडला तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. एका स्लाइसवर हिरवा ठिपका दिसला तर तेवढा कापून बाकीचा खाऊ नका, धागे आतपर्यंत गेलेले असतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड बुरशीपासून वाचतो, पण वातड होतो, कारण त्या थंडाव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो. त्यापेक्षा फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी गोठलेल्या स्लाइसमध्येच सारण भरलं तरी चालतं. दुपारपर्यंत ब्रेड मऊ होतो आणि तोवर आतलं सारण गार राहतं.

काकडी-टोमॅटो-बटाटा

खर्च अठरा-वीस रुपये. करायला सोपं, सगळ्यांना आवडणारं. पण प्रथिनं पाच-सहा ग्रॅम, आणि तीही बरीचशी ब्रेडमधलीच. त्यात मीठ लागलं की काकडी पाणी सोडते, टोमॅटो तर आधीच पाणी, आणि एक वाजता डबा उघडला की खालचा स्लाइस बोटाला चिकटतो. हे न्यायचंच असेल तर काकडीच्या बिया काढून टाका, टोमॅटो वेगळ्या छोट्या डबीत न्या, आणि ब्रेडला आतून आधी लोणी किंवा घट्ट चटणी लावा, म्हणजे पाणी सरळ ब्रेडमध्ये मुरत नाही. हिरवी चटणी वाटताना त्यात दोन चमचे डाळं घाला, पाणी अगदी थोडं. ती चटणी पसरत नाही, थापावी लागते. डब्याला तशीच हवी.

घेवडा

माझी पसंती हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोरेगावचा वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे लालसर पट्टे असलेला, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, तो आपण वर्षानुवर्षं आमटीतच घालतो. सँडविचमध्ये तो आमटीपेक्षाही छान लागतो असं मला वाटतं.

एका सँडविचला चाळीस ग्रॅम कोरडा घेवडा पुरतो, म्हणजे साधारण मूठभर. रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला गेला पाहिजे. इथे घाई करू नका. हा राजम्याच्या जातीतलाच दाणा आहे, कच्चट राहिला तर मळमळ, उलट्या होतात.

मग कढईत चमचाभर तेल, बारीक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. त्यावर घेवडा घालून पळीच्या पाठीने ठेचत राहायचं. सुरुवातीला तो सैल, ओलसर दिसतो. सात-आठ मिनिटांनी कढईच्या कडा सोडायला लागतो, आणि पळीने मधोमध रेघ ओढली तर ती भरून येत नाही. तेव्हा गॅस बंद करून लिंबू पिळायचं. हे सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण ब्रेडमध्ये भरलं की वाफ आतच कोंडते, झाकणाला घाम येतो आणि सगळी मेहनत ओली होते. मी पहिले काही महिने हीच चूक करत होते आणि दोष ब्रेडला देत होते.

ब्रेडला आतून शेंगदाण्याची सुकी चटणी तेलात कालवून लावली की झालं. घेवड्यातून साधारण नऊ ग्रॅम प्रथिनं, ब्रेडमधून चार-पाच, चटणीतून दोन-अडीच. खर्च अठरा-वीस रुपये, म्हणजे काकडी-टोमॅटोच्या सँडविचइतकाच. पोटात मात्र दुप्पट-तिप्पट प्रथिनं जातात. रविवारी तीन दिवसांचं सारण करून ठेवता येतं, दोन दिवसांचं फ्रिजमध्ये नि तिसऱ्याचं फ्रीजरमध्ये. घेवडा नसेल तेव्हा शिजवलेले हरभरे किंवा मोड आणून वाफवलेली मटकी याच पद्धतीने चालते. मटकी थोडी भुरभुरीत होते, तिला एक उकडलेला बटाटा बांधून ठेवतो.

अंडं

दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं आणि चौदा-पंधरा रुपये. ब्रेड, कांदा, मिरपूड धरून पंचविसाच्या आत. खोलीवर एकटं राहणाऱ्या मुलाला याहून कमी खटपटीचं काही नाही. अंडी पूर्ण कडक उकडा, बलक ओला ठेवू नका. मेयोनीज तर डब्यात नकोच, त्याऐवजी रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का चमचाभर मिसळा, तोही थंडीच्या दिवसांतच. एक सांगायला हवं: बंद डबा उघडला की अंड्याचा वास पसरतो. आमच्या टेबलावर दोघीजणी शाकाहारी आहेत, म्हणून मी अंड्याच्या दिवशी कडेला बसते. नव्या नोकरीत हे आधी बघून घ्यावं.

पनीर

साठ ग्रॅम पनीरचं सँडविच पस्तीस रुपयांच्या घरात जातं. घेवड्याएवढीच प्रथिनं, खर्च जवळजवळ दुप्पट. चवीसाठी महिन्यातून दोनदा ठीक.

मग चपाती का नको?

हा प्रश्न भाच्यानेच विचारला आणि रास्त आहे. ज्यांच्या घरी सकाळी चपात्या होतातच, त्यांनी हेच घेवड्याचं सारण चपातीत गुंडाळावं. दोन चपात्या दोन स्लाइसपेक्षा स्वस्त पडतात, त्यात मीठ आपल्या हातात असतं आणि पाकिटावरची यादी वाचत बसावी लागत नाही. पैशात आणि पोषणात चपाती जिंकते, यात मला शंका नाही. ज्वारीची भाकरी मात्र गार झाली की गुंडाळताना तडकते, ती भाजीसोबत वेगळी न्यावी. सँडविच जिंकतं ते सकाळच्या वेळेत. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, मग ओटा पुसणं, यात अर्धा तास जातो. सारण रात्रीचं तयार असेल तर सँडविच पाच मिनिटांत भरून होतं. सव्वासातची बस गाठायची असेल तर ही पंचवीस मिनिटं झोपेची आहेत, आणि झोपेलाही किंमत असते.

म्हणून भाच्याला सांगितलं: आठवड्यातून तीन दिवस घेवडा किंवा हरभरा, दोन दिवस अंडं, आणि शनिवारी इकडे ये, चपातीचा डबा मी देते.

एप्रिल-मेमध्ये यात बदल करावा लागतो. शिजवलेलं काहीही, घेवडा असो की अंडं, त्या उकाड्यात बॅगेत सहा तास सुरक्षित राहत नाही. कंपनीत फ्रिज असेल तर पोचल्या पोचल्या डबा त्यात ठेवा. पण बसमध्येही तासभर जातो, म्हणून पाण्याची छोटी बाटली रात्री फ्रीजरला लावा आणि सकाळी डब्याला चिकटवून, दोन्ही एका जाड टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवा. बर्फ वितळत जातो तोवर डबा गार राहतो, आणि जेवताना प्यायला थंड पाणीही मिळतं. हे जमणार नसेल त्या दिवशी नुसती शेंगदाण्याची किंवा कारळ्याची सुकी चटणी तेलात कालवून ब्रेडला भरपूर लावा, सोबत न चिरलेली काकडी न्या आणि तिथेच चिरून खा. तेरा-चौदा रुपयांत होतं, आणि त्यात खराब होण्यासारखं काही नाही.